बहिऱ्या भोवऱ्याची शिट्टी

मी शिट्टी. सरांच्या गळ्यातली. एरवी मी बोलत नाही, ओरडते. आणि ओरडणाऱ्याचं म्हणणं कुणी मन लावून ऐकत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. म्हणून आज जरा हळू बोलणार आहे. तुम्हीही कानांवर हात ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. पितळेच्या पत्र्यावर दाब पडला आणि माझे दोन भाग सुटे झाले. ते डाग देऊन जोडले गेले, वरून चकचकीत मुलामा चढला आणि शेवटी पोटात बुचाचा एक लहानसा दाणा टाकला गेला. हवा आली की तो दाणा आत गरगर फिरतो आणि माझा आवाज थरथरत, टोचत लांबवर जातो. तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला हवेच्या नळीला लावून एकदा वाजवलं, कान चोळला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही जरा जास्तच वाजते गं." मला वाटलं, कौतुक झालं. मी पुढे कित्येक वर्षं त्या वाक्यावर फुशारकी मारली.

खेळाच्या सामानाच्या दुकानात एक तरुण माणूस आला. शाळेत व्यायामशिक्षकाची नवी नोकरी लागलेली, बुटांच्या नाड्या ताठ बांधलेल्या. त्याने मला हातात घेतलं, छाती भरून फुंकलं. दुकानदाराच्या हातातली बॅटींची चळत खाली कोसळली. "हीच द्या," तो म्हणाला. ते माझे सर.

त्यानंतरची छत्तीस वर्षं मी राज्य केलं, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही. चारशे मुलं मैदानभर उधळलेली असायची. सर डावा पाय पुढे टाकायचे, उजवा हात आभाळाकडे सरळ करायचे, मला ओठात धरायचे आणि फुंकायचे. मुलं जिथे असतील तिथून धावत येऊन रांगेत उभी. सरांची शिट्टी म्हणजे नुसता आवाज नव्हता, ती एक आख्खी कवायत होती. मानेच्या शिरा ताठ, तोंड लालबुंद आणि गाल असे टम्म फुगलेले, की पहिलीतली नवी मुलं घाबरून एकमेकांचे हात धरायची. मोठी मुलं मागून सरांची नक्कल करायची. ती नक्कल नेहमी गालांचीच असायची. मला तेव्हा राग यायचा. वाजते मी, आणि लक्षात राहतात गाल!

मग सर निवृत्त झाले. मला स्वयंपाकघराच्या दाराशेजारी खिळ्याला टांगलं गेलं. सर सकाळी पाचला उठायचे, बूट घालायचे आणि खुर्चीवर बसायचे. कुणाला रांगेत उभं करणार? काकूंना?

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, म्हणून मीही. पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं मशीन. गल्लीतल्या अर्ध्या लोकांची मापं त्यांच्या डोक्यात असायची. एखादा दारातून आत आला, की तो किती सुटलाय हे त्या टेप न लावता सांगायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. म्हणूनच सरांचं काय होतंय हे त्यांनी आधी ओळखलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सरांचे कान गेले होते, आणि ते मी खाल्ले होते. छत्तीस वर्षं मी त्यांच्या नाकाखाली बसून बोंबलत होते. मैदानाच्या टोकाला मुलांना जे ऐकू जायचं, ते आधी त्यांच्या कानांतून जायचं. काकू म्हणायच्या, "पाणी तापलंय." सर मान डोलवायचे, "हो हो," आणि बसून राहायचे. पाणी निवून जायचं.

"अहो, कान दाखवून या एकदा."

"माझ्या कानांना काय धाड भरलीये? तूच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

त्या घरात हळूहळू बोलणंच कमी झालं. मी खिळ्यावरून बघत होते आणि काही बोलू शकत नव्हते. फुंकल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही.

काकू शिलाईतून उरलेल्या चिंध्यांच्या गाद्या शिवून प्राण्यांच्या आश्रयगृहात देत असत. एके दिवशी त्या गाद्या देऊन आल्या आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "एक कुत्रा बघून आलेय."

दुसऱ्या दिवशी सरही गेले. सवयीने त्यांनी मला गळ्यात घातलं. बाहेर जायचं म्हणजे शिट्टी हवीच, असा त्यांचा हिशेब. तिथे पिंजऱ्यात तो होता. पांढराशुभ्र, एकच कान तपकिरी, आणि स्वतःभोवती असा गरगर फिरत होता की मला माझ्या पोटातला दाणा आठवला. सर म्हणाले, "हा तर भोवरा आहे." नाव ठरलं. ते नाव त्याला कधीच ऐकू येणार नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आश्रयगृहाच्या डॉक्टर पुढे आल्या आणि माझ्याकडे बघून थबकल्या. "सर! तुम्ही? आणि ही शिट्टी अजून आहे? हिनं मला मैदानाला किती फेऱ्या मारायला लावल्यात!"

सरांच्या शाळेतली मुलगी. आता डॉक्टर. तिने खुर्च्या मांडल्या आणि टेबलावर हात ठेवून, सरांकडे तोंड करून, सगळं स्वच्छ सांगितलं. भोवरा जन्मापासून बहिरा. दोन घरांनी नेला, दोन्ही घरांनी परत आणला. पहिल्या घरात त्याने पलंगाची गादी फाडून घरभर कापूस केला. दुसऱ्या घरातून दार उघडं दिसताच त्याने धूम ठोकली. लोक मागून ओरडत होते, गाड्यांचे भोंगे वाजत होते, आणि तो मजेत रस्त्याच्या मधोमध धावत होता. एक ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

"आमचा नियम आहे, सर. दोनदा परत आलेलं जनावर तिसऱ्या घरी असंच देत नाही. तीन महिने ठेवून बघा. मग कुंपणाच्या मैदानात, दोरी सोडून, या टोकाहून त्या टोकाला त्याला बोलवून दाखवायचं. तीन संधी. आला तर तुमचा."

"आणि नाही आला तर?"

"मग तो इथेच राहील. मागच्या पिंजऱ्यात. पुन्हा घर नाही मिळायचं त्याला."

सरांनी भोवऱ्याकडे पाहिलं. "माझ्या शाळेतली असून तूच माझी परीक्षा घेणार?"

"तुम्हीच शिकवलंत, सर. रेषेच्या आत म्हणजे आत."

सर हसले नाहीत. त्यांना हे उत्तर आवडलं होतं, आणि आवडलेल्या गोष्टीला ते कधी हसत नसत.

पहिल्या आठवड्यात भोवऱ्याने घर डोक्यावर घेतलं. खुर्चीवरून टेबलावर, टेबलावरून खिडकीत. सरांचे बूट खाल्ले, डाव्या पायाचे दोन, म्हणजे नव्या जोडातलाही. काकूंच्या टेपचे तीन तुकडे केले. सर दिवसातून चारदा त्याला घेऊन धावायला जायचे. सर दमून परत यायचे, आणि तो ताजातवाना.

आणि माझी तर अशी फजिती झाली की काय सांगू! पहिल्याच सकाळी भोवऱ्याने खिडकीत उडी मारली. सरांचा हात वर गेला, मी ओठांत आले आणि पूर्ण ताकदीने वाजले. समोरच्या घरातलं बाळ रडायला लागलं, दुधाची गाडी थांबली, कोपऱ्यावरचा पहारेकरी ताठ उभा राहिला. भोवरा पाठमोरा बसून चिमण्या बघत होता. कान हलला नाही. छत्तीस वर्षांत माझा असा अपमान कुणी केला नव्हता.

"बहिऱ्या कुत्र्याला शिट्टी?" काकू म्हणाल्या.

"सवय आहे गं," सर ओशाळून म्हणाले.

डॉक्टर दर रविवारी येऊन शिकवायची. तिचा पहिला धडा असा: "आधी त्याचे डोळे मिळवा, मग काय ते सांगा. मागून हात लावायचा नाही, तो दचकतो. जमिनीवर पाय आपटा, टेबलावर थाप मारा, त्याला हादरा कळतो. आणि न बोलवता तो स्वतःहून तुमच्याकडे बघेल, त्या प्रत्येक वेळी बक्षीस द्या. प्रत्येक वेळी. बघण्यात फायदा आहे हे त्याला पटलं पाहिजे."

हादऱ्याचं मात्र खरं होतं. काकू मशीन चालवायला बसल्या की भोवरा मशीनच्या लोखंडी पायाला पाठ टेकून बसायचा. मशीन घरघरायचं आणि तो डोळे मिटायचा. दिवसातला तेवढाच काय तो निवांत वेळ.

पण बक्षिसाचं घोडं अडलं. सरांनी उकडलेल्या मांसाचे तुकडे आणले. भोवऱ्याने हुंगले आणि पुढे गेला. बिस्किटं आणली, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सर वैतागले. "ज्याला काही नकोच, त्याला शिकवायचं कसं? शाळेत निदान मधली सुट्टी तरी होती!"

उत्तर काकूंच्या मशीनखाली सापडलं. तिथे चिंध्यांचा ढीग होता आणि भोवरा त्यातली एक जाड चिंधी तोंडात धरून झटकत होता, जिवाच्या आकांताने. काकूंनी दुसरं टोक धरून ओढलं. भोवऱ्याचे डोळे चमकले. त्याने ओढलं, काकूंनी ओढलं. शेवटी काकू खुर्चीवरून घसरल्या आणि जमिनीवर बसून खो खो हसायला लागल्या. मी त्यांना असं हसताना कितीतरी वर्षांनी पाहिलं.

त्याच दुपारी काकूंनी जाड कापडाच्या पट्ट्यांची हातभर लांब वेणी घालून दिली. त्या वेणीने भोवऱ्याला घरचं करून टाकलं. तिच्यासाठी तो काहीही करायला तयार होता. डोळे दिले की वेणीची ओढाताण. बसला की ओढाताण. सरांनी आंगठा वर केला म्हणजे 'शाब्बास, आता वेणी येतेय' हे त्याला दोन दिवसांत कळलं. पंजा समोर धरला म्हणजे 'थांब' हे आठवड्यात. आणि हात आभाळाकडे सरळ केला म्हणजे 'ये'. ही खूण सरांना नव्याने शिकावीच लागली नाही.

सरावाला सर आणि काकू शाळेच्या मैदानावर जायचे. काकू लांब दोरी धरून भोवऱ्याजवळ एका टोकाला, सर दुसऱ्या टोकाला. डावा पाय पुढे, हात वर, आणि सवयीने मी तोंडात. मी वाजायचे, भोवरा धावत यायचा. सुरुवातीला वीस पावलांवरून, मग पन्नास, मग शंभर. शेजारचे गृहस्थ फिरायला येत. ते म्हणाले, "सर, त्याच्यासाठी वाजवता की आमच्यासाठी?" मी मानी असले तरी मूर्ख नाही. मला ठाऊक होतं, यात माझा काडीचाही वाटा नाही. पण गळ्यात लटकून बघायला मिळत होतं, तेच पुष्कळ.

घरातही फरक पडत होता. एकदा सर वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. काकूंनी हाक मारली नाही. टेबलावर दोन थापा मारल्या. सरांनी मान वर केली. काकूंनी त्यांच्या डोळ्यांत बघितलं, मग सावकाश म्हणाल्या, "पाणी तापलंय."

"मी काय कुत्रा आहे?"

"नाही हो. तो लवकर शिकला."

सर आंघोळीला गेले. पाणी गरम होतं.

परीक्षेला दोन आठवडे उरले असताना डॉक्टर मैदानावर आली. भोवरा आता दोनशे पावलांवरून येत होता. ती खूश झाली, पण जाताना म्हणाली, "सर, एक बोलू? त्याला ऐकू येत नाही. मग शिट्टी कशाला? कानांना त्रास फक्त तुमच्या होतोय. हात पुरे आहे त्याला."

सरांचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला. घरी येऊन त्यांनी मला पुसलं आणि खिळ्याला टांगलं. "झाली तुझी नोकरी," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ते तिघं मैदानावरून परत आले तेव्हा मी खिळ्यावर होते. भोवरा पाणी पीत होता. सर चप्पल न काढता स्टुलावर बसले.

"येत नाहीये," ते म्हणाले. "बघतो माझ्याकडे. बघतो आणि उभाच राहतो."

"दमला असेल," काकू म्हणाल्या.

तो दमला नव्हता. तिसऱ्या दिवशीही तेच, आठव्या दिवशीही तेच. वीस पावलांवरून यायचा. पन्नासवरून कधी यायचा, कधी नाही. शंभरवरून उभा राहून नुसता बघायचा, मग फुलपाखराच्या मागे जायचा. सरांनी हात जास्त ताठ केला, दोन्ही हात केले, टॉवेल फडकवला. काही उपयोग नाही. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात चालली होती आणि का, ते कुणालाच कळत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही कळलं नव्हतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सर भोवऱ्याजवळ जमिनीवर बसले. त्याच्या तपकिरी कानामागे खाजवत म्हणाले, "चूक माझीच असणार रे. तू पोरगा चांगला आहेस." मग ते उठून गेले. काकू मशीनवर बसून होत्या, पण मशीन चालू नव्हतं.

सकाळी निघताना सरांनी मला खिळ्यावरून काढून पँटच्या खिशात टाकलं. सामन्याच्या दिवशी ते माझ्याशिवाय कधी गेले नव्हते, बस, एवढंच कारण. त्यामुळे पुढचं मी आधी खिशातल्या अंधारात ऐकलं, आणि जे दिसलं नाही ते नंतर काकूंच्या तोंडून.

परीक्षा शाळेच्याच कुंपण घातलेल्या मैदानावर होती. डॉक्टर भोवऱ्याला घेऊन पलीकडच्या टोकाला, गोलच्या खांबाजवळ गेली. तिने दोरीचा चाप सोडला. सरांचा हात वर गेला, हे मला त्यांची पँट वर ओढली गेली त्यावरून कळलं. काही क्षण गेले.

"पहिली गेली, सर!" लांबून आवाज आला. सरांना तो ऐकू आला नाही. काकूंनी त्यांच्या दंडाला हात लावून एक बोट दाखवलं.

दुसऱ्या वेळी भोवरा निघाला. काकू कुजबुजत होत्या, "ये रे बाळा, ये, ये." तो अर्ध्या मैदानात आला आणि थांबला. खाली बसला. मान तिरकी करून सरांकडे बघत राहिला. मग पलीकडे कबुतरं उडाली आणि तो त्यांच्या मागे गेला.

दोन बोटं. सरांचा हात खिशात आला आणि त्यांनी मला गच्च धरलं. एवढ्या सामन्यांत त्यांनी मला असं कधी धरलं नव्हतं.

"अहो," काकू एकदम म्हणाल्या, "त्या खिशात काय आहे?"

"काही नाही. शिट्टी."

काकूंनी सरांचे दोन्ही खांदे धरून त्यांना आपल्याकडे वळवलं. त्यांचे डोळे मिळवले. "वाजवा."

"वेड लागलंय का तुला? बहिरा आहे तो!"

"बहिरा आहे, आंधळा नाहीये! तीन महिने मी त्याच्या टोकाला उभी होते. तुम्ही नव्हता. तिथून तुमचा हात काडीएवढा दिसतो हो. दिसतं ते तुमचं तोंड. लालबुंद, हे एवढे फुगलेले गाल! दोन आठवडे मला वाटत होतं, काहीतरी कमी आहे, काहीतरी कमी आहे, आणि कळत नव्हतं. तो हात बघतच नाहीये. तो तुमचे गाल शोधतोय!"

सर पुढे होऊन मैदानभर ओरडले, "शिट्टी चालेल का?"

पलीकडून डॉक्टर हसली. तिने दोन्ही हात पसरले, म्हणजे वाजवा की, त्याला काय फरक पडतो!

मी खिशातून उजेडात आले. समोर लांबलचक हिरवं मैदान आणि त्याच्या टोकाला पांढरा ठिपका, कबुतरांवर डोळे लावून उभा. सरांनी वाट पाहिली. घाई केली नाही. स्वतःहून बघण्याची वाट, तीन महिने शिकलेली. ठिपक्याने मान वळवली.

डावा पाय पुढे. हात आभाळाकडे. मी ओठांत. सरांनी छाती भरून घेतली आणि मला फुंकलं, जन्मात फुंकलं नव्हतं तसं.

भोवरा सुटला. उडालाच म्हणा ना. कबुतरं बाजूला, वाटेत पडलेला फुटबॉल बाजूला, मधलं डबकं बाजूला नाही, सरळ त्याच्यातून. ठिपक्याचा कुत्रा झाला, कुत्र्याचे दोन कान झाले, एक पांढरा, एक तपकिरी, मग जीभ दिसली, मग डोळे, आणि ते डोळे सरांच्या तोंडावर खिळलेले. काकू उड्या मारत होत्या. वयाच्या साठाव्या वर्षी, पदर खोचून, उड्या! मी वाजतच होते. थांबायचं भान सरांना राहिलंच नाही.

तो थेट सरांच्या छातीवर आदळला. सर पाठीवर, भोवरा त्यांच्यावर, मी चिखलात. त्याने त्यांचे गाल चाटायला सुरुवात केली, आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. सर हसत होते आणि रडत होते आणि आंगठा वर करून त्याला दाखवत होते. काकूंनी वेणी आणली तेव्हा कुठे त्याने गाल सोडले.

मग धापा टाकत डॉक्टर पोचली. तीही त्या टोकाहून धावत आली होती.

"तू कशाला धावलीस?" काकूंनी विचारलं.

"कुणास ठाऊक!" ती गुडघ्यांवर हात टेकून म्हणाली. "सरांची शिट्टी वाजली आणि पाय आपोआप निघाले!" मग ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "पास, सर. रेषेच्या आत."

सरांना ऐकू आलं नाही. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी आंगठा वर केला. तेव्हा त्यांना कळलं. आणि, मला वाटतं, दुसरंही काहीतरी कळलं, कारण परतीच्या वाटेवर ते थांबले आणि काकूंना म्हणाले, "ती पास म्हणाली आणि मला ऐकू आलं नाही. चल, दाखवू कान."

आता सरांच्या दोन्ही कानांत छोटी यंत्रं आहेत. कानांचे डॉक्टर म्हणाले, शिट्टी पूर्ण बंद. जे उरलंय ते तरी जपा. सरांनी मला टेबलावर ठेवलं. भोवऱ्याने सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता परत खिळा. माझी तक्रार नव्हती. जे कान मी खाल्ले, त्यांच्यासाठी एवढं करायला मी तयार होते.

काकूंनी सुई शोधावी तसं मशीनचा खण उलटापालटा केला. जुन्या वेणीची एक चिंधी काढली, तिचा घट्ट बोळा केला आणि माझ्या फटीत कोंबला. कात्रीच्या टोकाने आणखी दाबला. "घ्या. फुंका आता." सरांनी फुंकलं. आवाज नाही. गाल मात्र टम्म फुगले. भोवरा मशीनखालून निघाला आणि त्यांच्या मांडीवर चढला.

आता माझा मुलामा ओठांजवळ पार उडालाय, आत पितळ दिसतं. पोटातला दाणा बोळ्याखाली दबून पडलाय, हलत नाही. तपासणीच्या टेबलावरच्या त्या बाई आज भेटल्या तर म्हणतील, ही वाजत नाही, टाका भंगारात. त्यांना म्हणावं, आधी सकाळी सहा वाजता मैदानावर या.

आणि तुम्हालाही एक विनंती आहे. कधी तिकडून गेलात आणि एक म्हातारे गृहस्थ हात वर करून, तोंडात मुकी शिट्टी धरून, गाल फुगवून उभे दिसले, तर हसा, माझी ना नाही. तिथली मुलं रोज हसतात. पण हसून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबा आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. तो निघालाय.